पुस्तक वेनिंगकडे आहे

कारांगताला, ३ ऑगस्ट २०२५

मुर्तिनी,

दुकानात इंटरनेट आणायला खरोखर काय लागलं ते आधी सांगतो. लोकांना मी नुसता कनेक्शनचा आकडा सांगतो. त्यात दारासमोरचं फणसाचं झाड धरलेलं नसतं, तारेच्या आड येत होतं म्हणून ते पाडलं. तार ओढायला आलेल्या पोरांना एक बकरी कापून घातली, तीही धरलेली नसते. शेजारच्या सार्नोच्या छपरावरून तार गेली, म्हणून सार्नोला जन्मभर रिचार्ज फुकट, आणि त्याची तब्येत उत्तम आहे. फणस तुझ्या वहिनीचा लाडका होता, त्यामुळे रुसमीचा आठवडाभर अबोला. एवढं सगळं देऊन काय मिळालं? पोरं. शाळा सुटली की दुकानापुढच्या बाकांवर येऊन बसतात ती उठवेपर्यंत उठत नाहीत.

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून कागद. पत्ता सार्नोच्या मुलीकडून मिळाला, ती तिकडे तैवानात ताइचुंगला तुझ्या मागच्याच गल्लीत कामाला आहे. तिच्यावर चिडू नकोस. मी गोड बोलून काढला. तुझ्या वेनिंगला माती दिल्यावर तुला फोन केला, आधी नाही, हे तुझं म्हणणं. आपल्याकडे माती थांबवत नाहीत, हे माझं. त्यावर मी इथे वाद घालणार नाही. काम वेगळं आहे.

त्या पोरांना मी पुस्तकं शोधून देतो. हसून घे. पाचवी शिकलेला माणूस, काडीला लावलेलं मांस, साटे, भाजून विकलं, मलेशियात पामच्या बागेत वाकून वाकून पाठ घालवली, परत येऊन रिचार्जची टपरी टाकली, आणि आता पुस्तकं! पण ही खोड तुझ्याच लेकीची. जिल्ह्याचं ग्रंथालय आता फोनवर आलं आहे, घरबसल्या पुस्तक उतरवून घेता येतं, हे तिनेच मला दाखवलं. ती गेल्यावर पोरं विचारत राहिली आणि मी सांगत राहिलो.

त्यात एक हातोटी आहे. ‘तुला काय वाचायला आवडतं?’ असं पोराला कधी विचारायचं नाही, ते लगेच परीक्षेला बसल्यासारखं तोंड करतं. मी विचारतो, घरी कुणाशी पटत नाही? काल फोनवर शेवटचं काय बघितलंस? आणि ऐकत बसतो. मग ज्या साइटवर वाचकांनी आपापली मतं लिहिलेली असतात ती उघडतो आणि वाईट मतं आधी वाचून दाखवतो. परवा सार्नोच्या धाकट्याला एक दाखवलं. कुणीतरी बाई फार चिडल्या होत्या: ‘यातला मुलगा वडिलांना उलट बोलतो, सगळे एकमेकांशी खोटं बोलतात आणि शेवटी कुणालाच शिक्षा होत नाही. एक तारा.’

पोरगा म्हणाला, “पाकदे, हेच काढा.”

मी सगळ्या गावाचा पाकदे झालोय आता, थोरला काका, आणि रुसमी बुदे, थोरली काकू. पहिलं प्रकरण साइटवर फुकट असतं, ते त्याला वाचू दिलं. ग्रंथालयात पुस्तक होतं, पाच दिवसांसाठी त्याच्या फोनवर उतरलं. तिसऱ्या दिवशी दारात हजर. “पुढचा भाग आहे का?” शेळ्यांच्या शेपटांपलीकडे ज्याने कशाकडे धड बघितलं नव्हतं, तो!

सगळी करामत कानांची आहे. चढावर मोटरसायकल आली की कुणाची ते मी आत बसून सांगतो. गिऱ्हाईक ‘उद्या देतो’ म्हणालं की त्याचा उद्या कुठल्या महिन्यात उजाडणार ते मला आवाजावरून कळतं. माझ्या घरात पाल एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेली तरी मला ऐकू येतं.

आता मुद्दा. देस्ती आठवते? शाळेत वेनिंगच्या बाकावर बसायची, दोन वेण्या, खांदे पाडून चालायची. वेनिंग गेल्यापासून तिने एक पुस्तक हातात धरलं नाही. बोलणंही मोजकं. गेल्या आठवड्यात आपण होऊन दुकानात आली आणि म्हणाली, “पाकदे, ‘खारी विहीर’ काढा.”

मला आनंद झाला. शोधलं. ग्रंथालयाकडे त्याची एकच प्रत आहे, आणि प्रत एकाकडे गेली की बाकीच्यांना तिथे त्याचं नाव दिसतं. नाव आलं: ‘पुस्तक वेनिंगकडे आहे.’ शेजारी हिरवा ठिपका. म्हणजे आत्ता, या घटकेला वाचतेय.

मी फोन पालथा घातला. देस्तीने तो सुलटा केला.

“ती अजून वाचतेय,” म्हणाली. घाबरून नाही. मैत्रीण आपल्या आधी शाळेत जाऊन पोचली हे कळल्यावर म्हणतात तसं.

शाळेतून येताना वेनिंग तिला या पुस्तकाची गोष्ट रोज थोडी थोडी सांगायची. विहिरीत दोर सोडून मुलगी खाली उतरते, इथवर झालं होतं, आणि त्या संध्याकाळी वेनिंगला ताप भरला. त्याच्या पुढचं देस्तीला हवं आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पाच दिवसांची मुदत संपायच्या आत वाचणाऱ्याने पुन्हा मागितलं तर पुस्तक त्याच्याकडेच राहतं. म्हणजे कुणीतरी पुन्हा पुन्हा मागतंय. वेनिंगचा फोन मी तिच्याच ओढणीत गुंडाळून एजंटाच्या हाती तुला पाठवला होता. तेव्हा ती तू आहेस. वाच, तुझ्या लेकीचं आहे, माझं काही म्हणणं नाही. फक्त एकदा पाच दिवस सोड. या पोरीला पुढचं वाचू दे.

रुसमीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्यासमोर वेनिंगचं नाव मी काढत नाही. चार वर्षांची असल्यापासून तिने सांभाळली, तुला ठाऊक आहे.

तुझा थोरला भाऊ, तुझा कांग,
वागिरान


२१ ऑगस्ट

मुर्तिनी,

उत्तर नाही. पत्र पोचलं, हे सार्नोच्या मुलीने कळवलं. म्हणाली, तू ते उभ्यानेच वाचलंस आणि तू सांभाळतेस त्या आजीबाईंना अंघोळ घालायला आत गेलीस.

इथे बोभाटा झाला. एका पोराने बघितलं, मग सगळ्यांनी. माझ्या बाकांवरची गर्दी निम्मी झाली. सार्नोचा धाकटा मला विचारतो, “पाकदे, आम्हाला पाच दिवस आणि ती वर गेली तरी तिची मुदत संपत नाही? हा कुठला न्याय?” बाकीचे हसले, आणि हसून झाल्यावर सगळ्यांनी आपापले फोन खिशात घातले. मशिदीतले मोदीनसाहेब आले, चहा घेतला आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “वागिरान, इंटरनेटच्या त्या लुकलुकणाऱ्या डबीवर यासीनची सूरत पढू का?” मी म्हटलं, “पढा, पण प्लग काढू नका.”

सगळ्यांना मी ताकीद दिली आहे, रुसमीच्या कानावर जाता कामा नये. गावाने ऐकलं. विहिरीवर, बाजारात, ती आली की सगळी गप्प होतात.

पुस्तकाची छापील प्रत मी शोधली नाही असं समजू नकोस. प्रकाशन बंद पडलंय. बांडुंगच्या एका विक्रेत्याने ‘आहे’ म्हणून सांगितलं आणि पार्सलमधून कोंबड्यांच्या रोगांवरचं पुस्तक निघालं. ते मी ठेवून घेतलं, सार्नोला उपयोगी पडलं. ग्रंथालयाच्या कचेरीतल्या रेत्नोबाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, “खातेदार वारला असेल तर खातं बंद करता येतं. पुस्तक लगेच सुटेल. पण मूल लहान होतं, आईची सही लागेल.” आणि खातं बंद झालं की त्यातलं सगळं पुसलं जातं. तिने काय काय वाचलं, कशाला किती तारे दिले, सगळं.

अर्ज सोबत ठेवला आहे. सही करू नकोस. म्हणजे, तुला वाटलं तर कर.

देस्ती रोज येते. शाळेच्या कपड्यांत येते पण शाळेत जात नाही, हे मास्तरांकडून कळलं. बाकाच्या टोकाला बसून ते नाव बघत राहते. मी तिला दुसरी पुस्तकं काढून दाखवतो, शिव्या पडलेली, रडकी, चावट, सगळी. ती मान हलवते. “तिचं होऊ दे, मग मी घेते.” तिची आई येऊन मला सगळ्यांदेखत म्हणाली, “तुम्हाला धंदा पाहिजे, पाकदे. तुमच्या बाकावर माझी पोर वाळत चालली आहे. घरी ताटाला हात लावत नाही.”  

दुपारची अजान झाली की थोड्या वेळाने तो ठिपका हिरवा होतो. मीही बघायला लागलो आहे. त्या नावाला निरोप पाठवायची सोय आहे. परवा मी एक पाठवला. लिहिलं, ‘जेवलीस?’

निरोप वाचला गेल्याची खूण आली. उत्तर नाही.

तू असशील तर एवढ्याचं तरी उत्तर द्यायला हवं होतंस. त्या संध्याकाळी रुसमीने विचारलं, “फोनवर कुणाशी बोलत होतात?” मी म्हटलं, “गिऱ्हाईक.”

वागिरान


६ सप्टेंबर

मुर्तिनी,

घाईत लिहितो. पाणी पार तळाला गेलंय यंदा. काल सकाळी मशिदीमागच्या जुन्या विहिरीवर मोदीनसाहेब बादली घेऊन गेले तर देस्ती काठावर बसलेली. पाय आत सोडलेले. हातात विहिरीचा दोर.

मोदीनसाहेब बाकी कसे का असेनात, त्या वेळी ओरडले नाहीत. शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, “बाळ, मला खाली वाकता येत नाही, एक बादली काढून देतेस?” ती उठली, बादली काढून दिली. मग त्यांनी तिचा हात जो धरला तो दुकानात येऊन माझ्या हातात देईपर्यंत सोडला नाही.

मी तिला विचारलं, “तिथे काय करत होतीस?”

“पुढे काय होतं ते कळत नाही ना,” म्हणाली, “म्हणून बघत होते.”

मलेशियात मी साप उशाला घेऊन झोपलोय. एवढा कधी गारठलो नव्हतो.

तिची आई आता तिला एकटी सोडत नाही. आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाई रोज घरी येतात. पण देस्तीचं डोकं एकाच ठिकाणी अडकलंय, आणि ते ठिकाण तुझ्या हातात आहे. माझ्यावर राग ठेव, जन्मभर ठेव, वेनिंगच्या हजाराव्या दिवसाच्या जेवणाला येऊ नकोस, थडग्याचा दगड बसवू तेव्हाही येऊ नकोस. पण पुस्तक सोड. नाहीतर सही कर. दोन्हींतलं एक कर, मुर्तिनी. ही कुणाची तरी जिवंत पोर आहे.

वागिरान


१९ सप्टेंबर

मुर्तिनी,

तुझं पत्र आलं. पावणेतीन वर्षांत पहिलं, आणि अवघ्या चार ओळी. मी ते सार्नोला दाखवलं नाही, कुणालाच नाही.

तू लिहितेस: ‘वेनिंगचा फोन माझ्या बॅगेत ओढणीतच आहे. मी तो एकदाही चार्ज केला नाही. माझ्या मुलीचं पुस्तक कोण वाचतंय ते शोध. शोधल्याशिवाय सही मागू नकोस.’

खरं सांगतो, ते वाचल्यावर मी त्या नावाला पहिल्यांदा घाबरलो. तोवर मला वाटत होतं, मी तुझ्याशी बोलतोय. ‘जेवलीस?’ मी तुला विचारलं होतं, असं मी धरून चाललो होतो. दुकानात एकटा होतो. अजान झाली. ठिपका हिरवा झाला. मी, वागिरान, उठून दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. सार्नोने विचारलं, “काय रे, फणसाची सावली शोधतोस काय?”

मग डोकं ठिकाणावर आणलं आणि रेत्नोबाईंना फोन लावला. म्हटलं, खातं कुठल्या नंबरावर आहे ते सांगा. त्या तयार होईनात, नियम आहे म्हणाल्या. मी म्हटलं, “बाई, इथे एक पोर विहिरीत पाय सोडून बसली होती.” मग म्हणाल्या, “शेवटचे तीन आकडे सांगते, त्याच्या वर नाही.”

तीन पुरे होते. या गावातला एकेक नंबर मी विकलेला आहे. वेनिंगला स्वतःच्या नावाचं सिम घेण्याचं वय नव्हतं, म्हणून तिने खातं घरातल्याच एका नंबरावर काढलं होतं. तो नंबर मी स्वतः निवडून दिला होता, शेवटी तीन सात, लक्षात राहायला सोपा.

मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो. चुलीवर तेल तापलेलं, सोयाबीनच्या टेम्पेचे काप ताटात तसेच. मिठाच्या बरणीला टेकवून फोन उभा केलेला. आणि रुसमी त्याच्यासमोर पाटावर बसलेली, बोट ओळीखाली धरून.

मला बघून तिने फोन झाकला नाही. तेल खाली उतरवलं.

“पाच दिवसांत माझं कुठे होतंय?” म्हणाली. “एकेक अक्षर जोडत जावं लागतं. म्हणून परत मागते.”

मी म्हटलं, “तुला वाचता येतं?”

“वेनिंगने शिकवलं. तुम्ही दुकानात असायचात. रोज दोन पानं म्हणून घ्यायची माझ्याकडून, चुकले की टपली मारायची. हे पुस्तक तिने माझ्या फोनवरही लावून दिलं होतं. म्हणाली, बुदे, आपण दोघी एकच वाचू, मी पुढे, तू मागून ये.”

“मग अजून संपलं कसं नाही?”

तेव्हा तिने दाखवलं. पानांच्या खाली एक निळी फीत असते, सगळ्यांत पुढे जिथवर वाचून झालं तिथवर ती येऊन थांबते. वेनिंगची फीत विहिरीत दोर सोडल्याच्या पानावर आहे. रुसमी त्या पानापर्यंत जाते, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करते.

“मी पुढे गेले तर फीत पुढे सरकेल,” म्हणाली. “मग ती कुठवर आली होती, हे कुणाला कळणार?”

मुर्तिनी, मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. मग एकेक सांगितलं, देस्तीचं, विहिरीचं, गावाच्या गप्प होण्याचं. आपण वाचतो तेव्हा लोकांना वेनिंगचं नाव दिसतं, हे तिला माहीतच नव्हतं. गाव आपल्याला बघून गप्प होतं, ते वांझोटीला बघून होतं तसं, असं तिला वाटत होतं.

“आणि तुमचा तो निरोप आला,” म्हणाली, “जेवलीस म्हणून. मला वाटलं, तुम्हाला वेड लागलं. पोरीच्या आठवणीने लागलं असेल, म्हणून मी बोलले नाही.”

देस्तीचं ऐकल्यावर मात्र ती उठली. डोक्यावर ओढणी घेतली, फोन घेतला आणि चूल तशीच ठेवून निघाली. मी म्हटलं, “पुस्तक परत करून टाक, तिच्या फोनवर उतरेल.” ती म्हणाली, “तिच्या फोनवर कशाला? एकटीने वाचायला?”

वागिरान


२८ सप्टेंबर

मुर्तिनी,

देस्तीच्या ओसरीवर काय झालं ते रुसमीने तुला फोनवर सांगितलंच आहे. तू फोन केलास, तोही तिला, माझ्याकडे द्यायला सांगितलं नाहीस. ठीक आहे. मी दुकानात होतो, तुम्हा दोघींचं रडणं संपेपर्यंत गिऱ्हाइकं थोपवून धरली.

तिने गाळलं असेल तेवढं मी भरतो. रुसमी आणि देस्ती रोज दुपारी बसल्या. पहिल्या पानापासून, कारण देस्ती म्हणाली, वेनिंगने सांगताना बरंच पदरचं घातलं होतं, खरं काय ते बघू. चौथ्या दिवशी फितीच्या पानावर आल्या. रुसमीचं बोट पुढे जाईना. तिने फोन देस्तीच्या मांडीवर ठेवला. “तू उलट,” म्हणाली. मग तिने पान उलटलं, आणि फीत सरकली.

विहिरीत खाली काय आहे ते मी सांगणार नाही. तू इथे आलीस की वाच. देस्ती ते पान वाचून म्हणे हसली, आणि मग म्हणाली, “वेनिंगने याहून चांगलं केलं असतं.” त्या रात्री ती घरी दोन वेळा वाढून घेऊन जेवली. नर्सबाई अजून येतात, येऊ देत. शाळेत सोमवारपासून जाते म्हणाली आहे, गेली की खरं. काल दुकानात येऊन तिने मला विचारलं, “पाकदे, असंच दुसरं कुठलं?” मी वाईट मतं शोधायला बसलो, तर म्हणाली, “चांगलंही वाचा की एखाददुसरं.”

खातं बंद करायचं नाही, हे तुझं आणि रुसमीचं ठरलं, तेव्हा माझं मत विचारण्याचा प्रश्न नाही. अर्ज फाडून टाक. पोरांना मी सांगितलंय, वेनिंगचं नाव दिसलं तर समजा बुदे वाचतेय. ती हो म्हणतात. पण ठिपका हिरवा झाला की बाकावरची कुजबुज थांबते, आणि खरं तर माझीही. कोण वाचतंय ते माहीत आहे, तरी नाव तिचंच दिसतं.

बुधवारी हजाराव्या दिवसाचं जेवण आहे. दगड आला आहे. तुझं विमान मंगळवारी सुराबायाला उतरतं, असं रुसमी म्हणाली. सार्नोची गाडी घेऊन मी येईन. पुढे बस की मागे, तुझी मर्जी.

तू फोनवर तिला विचारलंस ना, शेजारच्या खोलीत इतकी वर्षं हे चाललं आणि कांगला कसं कळलं नाही? तिने तुला काय सांगितलं मला माहीत नाही. जे आहे ते असं: रुसमीला मनात वाचता येत नाही. पावणेतीन वर्षं ती मोठ्यानेच वाचत होती.

वागिरान